काचेच्या तुकड्यांचं मोझेक : आधी फट, मग रंग

काचेचं मोझेक करायचं मनात आलं की पहिला हात रंगांकडे जातो. निळ्या काचा, हिरव्या काचा, आरशाचे तुकडे असं सगळं गोळा होतं आणि मग तुकड्याशेजारी तुकडा चिकटवायला सुरुवात होते. माझं पहिलं काम असंच झालं. तुकडे एकेक सुंदर होते, पण कुठे दोन तुकडे एकमेकांना टेकलेले, तर कुठे मध्ये काडी आडवी बसेल एवढी जागा. ग्राऊट, म्हणजे फटींत भरायचं सिमेंटचं मिश्रण, भरल्यावर त्या रुंद जागाच डोळ्यांत भरायला लागल्या आणि काचा मागे पडल्या. तेव्हापासून मी प्रत्येक काम फटीपासून सुरू करते.

यामागे साधं गणित आहे. १० मिलिमीटरचे चौकोनी तुकडे घेतले आणि मध्ये २ मिलिमीटर फट ठेवली, तर पूर्ण पृष्ठभागापैकी सुमारे ३० टक्के जागा फटींची असते. फट १ मिलिमीटर ठेवली तर हाच आकडा १७ टक्क्यांवर येतो, ३ मिलिमीटर झाली तर थेट ४१ टक्क्यांवर जातो. म्हणजे हात जरासा सैल पडला तरी चित्राचा रंग बदलतो. फट किती ठेवायची, ती कुठून कुठे वाहू द्यायची आणि तिचा रंग कोणता, हे आधी ठरवलं की काच कशी कापायची आणि कुठून लावायला घ्यायची हे बरंचसं आपोआप ठरतं.

इथे आपण २० × २० सेंटिमीटरची, भिंतीवर टांगायची एक चौकट करणार आहोत. मध्ये एक मोठं पान, भोवती फिकट पार्श्वभूमी. पान मुद्दाम निवडलं आहे. त्यात एक सरळ रेष असते, दोन मोठे बाक असतात आणि एक टोक असतं. मोझेकमध्ये हात अडतो तो याच तीन ठिकाणी, आणि तिन्ही एकाच कामात शिकून होतात. बरणीचा दिवा किंवा बाहेरची कुंडी करायची असेल तर काय बदलायचं, ते शेवटी येईलच.

काच कोणती घ्यायची

सुरुवातीला रंगीत काचेचा ३ मिलिमीटर जाडीचा पत्रा सगळ्यात बरा. खिडक्यांच्या रंगीत तावदानांसाठी वापरतात तीच ही काच. सहज कापता येते आणि एकाच पत्र्यात रंगाच्या लाटा असतात, त्यामुळे पानाला जिवंतपणा येतो. दुसरा पर्याय म्हणजे २० × २० मिलिमीटरच्या, सुमारे ४ मिलिमीटर जाडीच्या तयार काचेच्या टाइल्स. त्यांच्या खालच्या बाजूला खाचा असतात, त्यामुळे त्या घट्ट चिकटतात. पण रंग एकसुरी असतो. जुन्या इटालियन पद्धतीची ‘स्माल्ती’ ही तिसरी जात. ती जाड, अपारदर्शक आणि रंगाने गच्च असते. तिचा ओतलेला गठ्ठा फोडून तुकडे करतात आणि फुटलेली बाजू वर ठेवून लावतात. ती फार देखणी असते, पण शिकण्यासाठी घेऊ नका. तुकडे वाया जायला लागले की हात आखडतो, आणि आखडलेल्या हाताने काच कधीच नीट कापली जात नाही.

टफन केलेली काच अजिबात घेऊ नका. मोटारीच्या बाजूच्या खिडक्या, शॉवरची दारं, काही टेबलांचे माथे अशा काचेचे असतात. तिच्यावर ओरखडा ओढून ती तोडायला गेलात तर सबंध पत्र्याचा एकदम चुरा होतो. तो चुरा नंतर मोझेकमध्ये वापरता येतो, पण हवा तो आकार कापता येणार नाही.

विकत घेण्याआधी काचेचा तुकडा एकदा पांढऱ्या कागदावर आणि एकदा काळ्या कागदावर ठेवून बघा. अपारदर्शक काच दोन्हीकडे सारखीच दिसेल. पारदर्शक काच पांढऱ्यावर चमकेल आणि काळ्यावर विझून जाईल. लाकडी तळावर लावल्यावर तिचं नेमकं हेच होतं. शिवाय पारदर्शक काचेखाली गोंदाचे ओघळही दिसतात. पहिल्या कामाला अपारदर्शक किंवा अर्धपारदर्शक काच घ्या.

किती लागेल? फटीसकट १२ मिलिमीटरला एक तुकडा धरला, तर आपल्या चौकटीला सुमारे २८० तुकडे लागतील. ३ मिलिमीटर काचेचं वजन एका चौरस मीटरला साडेसात किलो भरतं, त्यामुळे इतक्या छोट्या कामात सगळी काच मिळून पाव किलोच्या आतच राहते. मात्र नवशिक्या हाताने तिसरा हिस्सा वाया जातो, हे धरूनच घ्या.

हत्यारं, आणि डोळ्यांची काळजी

हत्यारं तीन पुरतात. काच कापायची कलम, म्हणजे पूर्वी जिला हिरकणी म्हणायचे तिचीच आजची बहीण. तिच्या टोकाला हिऱ्याच्या कणीऐवजी कार्बाइडचं बारीक चाक असतं. दुसरी, तोडायची पक्कड. तिच्या जबड्यावर मधोमध एक खूण असते आणि जबडा किंचित बाकदार असतो. तिसरी, दोन चाकांची पक्कड. मोझेकचं निम्मं काम हीच करते. तिची दोन गोल पाती समोरासमोर येतात आणि काच चावतात. एका जागी धार बोथट झाली की स्क्रू सैल करून पातं थोडं फिरवायचं, की नवी धार मिळते.

बाकी घरचंच : पट्टी, काचेवर उठणारा मार्कर, चिमटा, टूथपिक, जुनं प्लास्टिक कार्ड, स्पंज, मऊ सुती कापड, आणि धार लावायचा दगड.

बंद बाजूंचा सुरक्षा चष्मा घातल्याशिवाय पक्कड हातात घेऊ नका. रोजचा नंबरचा चष्मा पुरत नाही, कारण तुकडा उडतो तो बाजूने शिरतो. मी पक्कड चालवताना दोन्ही हात एका उथळ खोक्यात किंवा पारदर्शक पिशवीत ठेवते, म्हणजे कण आतच राहतात. टेबलावर सांडलेले कण तळहाताने झटकायची सवय अनेकांना असते. ती मोडा. ओला कागद दाबून टिपा, किंवा छोटा ब्रश वापरा. ग्राऊटची कोरडी पूड कालवताना एन-९५ मास्क लावा, कारण तिच्यात सिमेंट आणि वाळूची अतिबारीक धूळ असते. ओलं सिमेंट कातडी खातं, म्हणून हातमोजे हवेतच.

तळ तयार करणं

घरात, कोरड्या भिंतीवर टांगायचं असेल तर ९ ते १२ मिलिमीटर जाडीचा एमडीएफ किंवा प्लायवूड चालतो. पातळ फळी वाकते, काच आणि ग्राऊट वाकत नाहीत, म्हणून फळी वाकली की दरजा, म्हणजे ग्राऊट भरलेल्या फटी, तडकतात. जिथे पाणी लागेल तिथे लाकूड नको, सिमेंटचा बोर्ड घ्या.

फळीला टांगायची कडी आधीच बसवून घ्या. काच लावून झाल्यावर फळी पालथी करून स्क्रू पिळताना जो दाब येतो, त्याने तुकडे निघतात. मग चाकूच्या टोकाने पुढच्या बाजूवर आडवे-उभे ओरखडे काढा, म्हणजे गोंदाला धरायला जागा मिळेल. सुताराचा पांढरा गोंद एक भाग आणि पाणी चार भाग असं मिश्रण करून दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना लावा. एकच बाजू भिजली तर फळी त्या बाजूला ओढली जाते. हे वाळल्यावर वरून पांढऱ्या रंगाचा एक हात दिला तर काचेला उजेड मिळतो.

रेषांना वाहू द्या

आता कागदावर २० सेंटिमीटरचा चौकोन आखा आणि त्यात पान काढा. टोक एका कोपऱ्याकडे झुकलेलं असू दे. पान सुमारे १५ सेंटिमीटर लांब हवं. त्याहून लहान काढलं तर तुकडे फार बारीक करावे लागतील. पानाच्या कडेला दाते, कंगोरे काढू नका. मध्यशीर आणि कड एवढ्यावर थांबा.

यानंतरचं काम बरेच जण वगळतात. रंग भरू नका. त्याऐवजी पेन्सिलने, तुकडे ज्या ओळींतून जाणार आहेत त्या ओळी काढा. मध्यशिरेची एक ओळ. पानाच्या आत, शिरेपासून कडेकडे तिरप्या जाणाऱ्या ओळी, खऱ्या पानातल्या उपशिरांसारख्या. पानाच्या बाहेर, कडेला चिकटून धावणारी पार्श्वभूमीची एक ओळ. चौकटीच्या चारही कडांना एकेक सरळ ओळ. उरलेल्या जागेत आडव्या सरळ ओळी.

तुकड्यांच्या ओळींच्या या वाहण्याला इटालियन भाषेत ‘आंदामेंतो’ म्हणतात. पानाभोवतीची ती एक ओळ फार महत्त्वाची असते. पार्श्वभूमीच्या सरळ ओळी थेट पानाच्या कडेला येऊन आपटल्या तर तिथे नाना आकारांचे त्रिकोणी तुकडे लागतात, फटी वेड्यावाकड्या होतात आणि पानाची कड फाटल्यासारखी दिसते. त्याऐवजी पार्श्वभूमीच्याच रंगाची एक ओळ पानाभोवती फिरवली की पान सुटं, स्पष्ट उभं राहतं. वेडेवाकडे तुकडे मग त्या ओळीच्या बाहेर जातात, आणि तिथे नजर थांबत नाही. रोमन कारागीर आकृतीच्या कडेने असे तुकडे फिरवत, आणि कलेच्या इतिहासात त्या शैलीला ‘ओपुस व्हर्मिक्युलातुम’ म्हणतात. अळीसारखं वळत जाणारं काम, असा त्याचा अर्थ.

उलट्या टोकाचं उदाहरणही आहे. स्पेनमधल्या बार्सिलोनात वास्तुकार गाउदीच्या पार्क ग्वेल या बागेतल्या लांब वळणदार बाकावर फुटक्या टाइल्सचं काम आहे. त्याला ‘त्रेंकादीस’ म्हणतात. तिथे तुकडे जसे फुटले तसे लावलेले दिसतात, पण जवळून पाहिलं तर फटींची रुंदी बऱ्यापैकी सांभाळलेली असते. तुकडे कितीही मोकळे असू देत, फट सांभाळली की डोळा निवांत राहतो.

काच कापणं

काच ‘कापली’ जात नाही, ती मोडली जाते. कलम फक्त वरच्या थरावर एक बारीक भेग सुरू करते, आणि आपण त्या भेगेला काचेतून आरपार पळवतो. हे एकदा मनात बसलं की जोर लावणं आपोआप कमी होतं.

काच सपाट टेबलावर, खाली जाड कागद किंवा पातळ फेल्ट घालून ठेवा. जी बाजू जास्त गुळगुळीत ती वर. पृष्ठभाग पुसून घ्या. धुळीच्या कणावर चाक उडी मारतं आणि तिथे रेष तुटते. चाक रॉकेलात किंवा हलक्या मशीन-तेलात बुडवा. कलम सरळ उभी धरा, डावीकडे-उजवीकडे झुकू देऊ नका. काचेच्या एका कडेपासून सुरू करून दुसऱ्या कडेपर्यंत एकाच वेगाने, न थांबता ओढा. कान उघडे ठेवा. दाब बरोबर असेल तर चेन ओढल्यासारखा बारीक, अखंड ‘स्सर्र’ आवाज येतो. आवाज येत नसेल तर दाब कमी पडतो आहे. करकर आवाज येऊन रेषेच्या बाजूला पांढरे कण उडत असतील तर जोर जास्त होतो आहे. योग्य रेष जेमतेम दिसते, केसासारखी.

त्याच रेषेवरून दुसऱ्यांदा कलम फिरवू नका. दुसऱ्या फेरीत चाक खडबडीत झालेल्या भेगेवरून जातं, त्याची धार जाते आणि भेग दोन दिशांना पळते. रेष चुकली असेल तर सोडा, बाजूला नवी ओढा.

ओढलेली रेष लगेच मोडा. पक्कडीची खूण रेषेवर बरोबर आणा, काच कडेपासून एखादा सेंटिमीटरच आत घ्या, आणि हळूहळू दाबा. बाकदार जबडा काचेच्या दोन्ही बाजूंना खाली ढकलतो, खालचा भाग मधोमध आधार देतो आणि ‘टक्’ करून काच रेषेवर दुभंगते. तो टक् पहिल्यांदा नीट जमला की पुढचा तासभर हात थांबत नाही.

आधी १० मिलिमीटर रुंद पट्ट्या काढा. पट्टी मोडली की चाकांच्या पक्कडीने त्यांचे चौकोन करा. इथे एक गोष्ट उलटी वाटते. पक्कडीत काच पूर्ण आत घालायची नाही. चाकांनी पट्टीची कड फक्त दोन-तीन मिलिमीटर पकडायची आणि दाबायचं. भेग चाकांच्या दिशेने पुढे पळते आणि पट्टी आरपार तुटते. काच खोल घातली तर ती चिरडली जाते.

बाकासाठी चौकोन चालत नाहीत. वळणावर चौकोन लावले की बाहेरच्या बाजूला फटी पाचरीसारख्या उघडतात. म्हणून तुकड्याची आतली बाजू किंचित अरुंद करायची, कमानीतल्या दगडांसारखी. फरक अगदी एखाद्या मिलिमीटरचा असतो, पण फट एकसारखी राहते. पानाच्या टोकाला दोन बाजूंच्या ओळी एकत्र येतात. तिथे एकच तुकडा त्रिकोणी कापून बसवायचा. दोन अर्धे-अर्धे तुकडे जुळवायला गेलात तर नेमक्या टोकावर फट येते आणि पान बोथट दिसतं. मी हा टोकाचा तुकडा सगळ्यात आधी कापते आणि मनासारखा होईपर्यंत चार-पाच वेळा कापते.

तुकडा गोल हवा असेल तर चौकोनाचे चार कोपरे आधी उडवा, मग कडेकडेने थोडं थोडं कुरतडा. आत वळलेला खोल बाक मात्र काचेत करायला जाऊ नका. भेगेला अशा आकारात वळायला आवडत नाही, ती सरळ पळते. तिथे दोन तुकडे करा आणि मध्ये फट येऊ द्या.

कापलेल्या तुकड्यांच्या कडा ओल्या धार लावायच्या दगडावर एकदा घासून घ्या. दगड ओला हवा, म्हणजे काचेची पूड हवेत जात नाही. ज्या कामाला नंतर हात लागणार आहे, त्यात हे टाळू नका.

मांडणी आणि चिकटवणं

कागदावरच्या चित्रावर सगळे तुकडे आधी कोरडेच मांडा. इथे घाई करू नका, एक रात्र तसंच राहू द्या. सकाळी ताज्या नजरेने पाहिलं की कोणता तुकडा खटकतो ते लगेच कळतं. मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा. पान आणि पार्श्वभूमी एकाच करड्या छटेत मिसळली असतील तर रंग वेगळे असूनही पान लांबून दिसणार नाही. गडद-फिकट यातलं अंतर वाढवा.

फळीवर चित्राच्या मुख्य रेषा उतरवा आणि या क्रमाने लावा : मध्यशीर, पानाचं टोक, पानाची कड, पानाचा आतला भाग, पानाभोवतीची ती एक ओळ, चौकटीच्या चार कडा, आणि शेवटी उरलेली पार्श्वभूमी. म्हणजे अख्खे, नीटस तुकडे महत्त्वाच्या जागी जातात आणि तडजोड होते ती पार्श्वभूमीत.

घरातल्या कोरड्या लाकडी कामाला पांढरा गोंद पुरतो. आगकाडीच्या गुलाएवढा थेंब तुकड्याच्या पाठीवर घ्या, सारखा पसरा आणि तुकडा दाबताना किंचित फिरवा. गोंद फटीत वर आला तर टूथपिकने लगेच काढा. फटीचा निदान दोनतृतीयांश भाग रिकामा राहायला हवा, नाहीतर ग्राऊटला धरायला जागाच उरणार नाही आणि तिथून ते टवके होऊन निघेल. दर पाच-सहा तुकड्यांनंतर डोळे फळीच्या पातळीला आणून बघा, एखादा तुकडा उंच बसला असेल तर त्याच वेळी कळतं.

फट सांभाळायला मी जाड पुठ्ठ्याची दीड मिलिमीटरची पट्टी वापरते, दोन तुकड्यांमध्ये उभी धरून. पन्नासेक तुकड्यांनंतर पट्टीची गरज उरत नाही, डोळ्याला ते माप पाठ होतं.

पांढऱ्या गोंदाचा एक धडा मला चांगलाच लक्षात आहे. बेसिनच्या वर लावायच्या आरशाची चौकट मी त्याच गोंदाने केली होती. दोन महिन्यांत खालच्या बाजूचे तुकडे हलायला लागले. एक तुकडा ओढून पाहिला तर खाली गोंद पुन्हा दुधासारखा मऊ झालेला. पांढरा गोंद पाण्याने पुन्हा विरघळतो. ग्राऊट पाणी थोडं का होईना आत सोडतंच, आणि मग काचेखाली ते अडकून राहतं. ओलसर जागेला, बाहेरच्या कामाला, फरशीला किंवा कुंडीला पांढऱ्या रंगाचं पॉलिमरयुक्त टाइल चिकटवायचं सिमेंटच घ्या. करडं सिमेंट काचेचा रंग मारतं.

सगळं लावून झालं की चौकट आडवी ठेवून किमान ४८ तास वाळू द्या. काचेतून हवा जात नाही, त्यामुळे गोंदाचं पाणी फक्त फटींतून बाहेर पडतं. लाकडाला लाकूड चिकटवताना लागतो त्याहून इथे बराच जास्त वेळ लागतो.

दरजा भरणं

गवंडी दगडी भिंतीच्या दरजा भरतो, तेच काम आता आपल्याला छोट्या मापात करायचं आहे. फट ३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर वाळू नसलेलं ग्राऊट घ्या. वाळूचं ग्राऊट रुंद फटींना मजबूत असतं, पण काचेवर त्याचे ओरखडे उठतात.

रंग ठरवण्यासाठी पांढऱ्या, करड्या आणि काळ्या कागदाच्या पट्ट्या घ्या आणि तुकडे योग्य फट ठेवून प्रत्येक पट्टीवर मांडा. पांढऱ्यावर गडद तुकडे विखुरलेले वाटतील आणि रंग फिके पडतील. काळ्यावर रंग पेटून उठतील, पण पार्श्वभूमी फिकट असेल तर तिच्यावर जाळी पसरल्यासारखी दिसेल. आपल्या पानाला मध्यम करडा चांगला जमतो. पांढरं ग्राऊट मी काचेच्या कामात क्वचितच वापरते. ओलं असताना ग्राऊट गडद दिसतं, म्हणून थोडं कालवून पुठ्ठ्यावर वाळवून रंग बघा आणि मगच पुढे जा.

आपल्या चौकटीला दीडशे ग्रॅम पूड भरपूर झाली. वाटीत पूड घ्या आणि पाणी चमच्या-चमच्याने घाला. टूथपेस्टइतकं घट्ट झालं की थांबा. पाणी जास्त झालं तर वाळताना ग्राऊट आकसतं, बारीक भेगा पडतात आणि रंग डागाळतो. पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग पुन्हा ढवळा. या वेळी ते घट्ट वाटलं तरी पाणी घालू नका, ढवळल्यावर ते सैल होतं.

मोजे घातलेल्या बोटांनी ग्राऊट फटींत दाबा. उभं, आडवं, तिरपं, सगळ्या दिशांनी. काचा पूर्ण झाकल्या जातील आणि एवढ्या मेहनतीचं काम चिखलात बुडाल्यासारखं वाटेल. घाबरू नका. प्लास्टिक कार्ड फटींना तिरपं धरून जास्तीचं ग्राऊट खरवडून काढा. फटीच्या सरळ रेषेत कार्ड ओढलं तर ते फटीतलं ग्राऊटही उचलून नेतं. चौकटीच्या बाहेरच्या कडांनाही ग्राऊटचा उतार करून द्या, म्हणजे काचेच्या धारदार कडा झाकल्या जातील.

पंधरा-वीस मिनिटं थांबा. फटीतल्या ग्राऊटला बोट लावल्यावर ठसा उमटेनासा झाला की स्पंज पाण्यात बुडवून अगदी घट्ट पिळा आणि हलक्या हाताने गोल फिरवत पुसा. स्पंजातून पाणी ठिबकता कामा नये. प्रत्येक दोन-तीन फेऱ्यांनंतर स्पंज धुवा. आधी काचांचे मधले भाग उघडे पडतात, मग कडा, मग अचानक पानाची मध्यशीर सरळ दिसते. तासाभराने काचेवर पांढुरकी पूड उरलेली दिसेल, ती कोरड्या सुती कापडाने पुसा. टूथपिकच्या टोकाएवढी छिद्रं राहिली असतील तर उरलेलं ग्राऊट त्याच वेळी दाबून भरा.

उरलेलं ग्राऊट आणि स्पंजाचं पाणी सिंकमध्ये ओतू नका, ते नळीत दगड होऊन बसतं. बादलीत रात्रभर राहू द्या, वरचं पाणी झाडाबुडी नको तर मोकळ्या जमिनीत टाका आणि तळाचा घट्ट गाळ कचऱ्यात.

चौकट एक दिवस प्लास्टिकने सैल झाकून ठेवा. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं, म्हणून लवकर उन्हात ठेवलं तर ते ठिसूळ राहतं. पुढचे तीन दिवस तिला पाणी लावू नका. पुसायला नंतरही साधं ओलं कापड पुरतं. व्हिनेगर किंवा आम्लाची सफाईची द्रव्यं सिमेंटला खातात.

बरणीचा दिवा आणि कुंडी

काचेवर काच लावताना तिसरीच गोष्ट लागते : पारदर्शक सिलिकॉन. आरशाचे तुकडे असतील तर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आरशाच्या पाठीचा लेप काळा करतं. बरणी स्पिरिटने पुसा, टॉवेलच्या खळग्यात आडवी ठेवा आणि एका वेळी वरच्या बाजूचाच पट्टा लावा. तो धरला की मगच फिरवा, नाहीतर तुकडे घसरतात. तुकडे लहान हवेत. ८ सेंटिमीटर व्यासाच्या बरणीवर १ सेंटिमीटरचा सपाट तुकडा कडेला जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर उचलला जातो, पण २ सेंटिमीटरचा तुकडा सव्वा मिलिमीटर उचलला जातो आणि त्याची धार बोटाला लागते. इथे काच पारदर्शकच घ्या आणि ग्राऊट गडद, म्हणजे उजेड फक्त तुकड्यांतून येईल. आत मेणबत्तीपेक्षा एलईडी दिवा बरा. ज्योत काचेच्या एकाच बाजूला तापवते आणि बरणी तडकते.

मातीच्या कुंडीला आतून पाणीरोधक लेप द्या, तो वाळल्यावरच बाहेरून टाइलच्या सिमेंटने काचा लावा. लेप नसेल तर झाडाला घातलेलं पाणी मातीतून झिरपून काचांच्या मागे साचतं आणि एकेक तुकडा बाहेर ढकलतं.

एखादा तुकडा कधी फुटला किंवा निघाला, तर चष्मा घालून भोवतालचं ग्राऊट टोकदार अवजाराने खरवडा, जुना गोंद काढा, नवा तुकडा बसवा आणि दोन दिवसांनी तेवढीच दरज भरा. त्यासाठी पहिल्या कामातली थोडी पूड आणि प्रत्येक रंगाचे दहा-बारा तुकडे एका डबीत जपून ठेवा. नंतर आणलेल्या पूडीचा रंग नेमका जुळत नाही.

चौकट टांगताना उजेड समोरून येण्यापेक्षा बाजूने येईल अशी भिंत निवडा. इटलीतल्या राव्हेन्ना गावात, पाचव्या शतकातल्या, रोमन सम्राज्ञी गाल्ला प्लाचीदियाच्या समाधीत काचेचे निळे आणि सोनेरी तुकडे ओल्या चुन्यात मुद्दाम थोडे कमी-जास्त तिरके दाबलेले आहेत, म्हणून बघणारा चालायला लागला की छत लुकलुकतं. आपल्या चौकटीतही हाताने लावलेले तुकडे अगदी एका पातळीत नसतात. खिडकीच्या शेजारच्या भिंतीवर ती लावली तर सकाळच्या तिरप्या उन्हात पानाचे काही तुकडे आधी उजळतात, काही नंतर. टांगण्याआधी दिवसाच्या दोन-तीन वेळी ती तिथे हाताने धरून बघा आणि मगच खिळा ठोका.